एक्केचाळिसाव्या पानावरची चावी

प्रिय धम्मशीला,

जय भीम. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, हसू नको. शेजारची समता लिहून द्यायले तयार होती, पण हे दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायसारखं नाही. गुरुवारी तुझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे. त्याच्या आत हे तुले पोचलं पाहिजे. तुझ्या प्रबंधात एक खोटं आहे, अन् ते माझं आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी तूर पाखडत होती अन् तू ओट्यावर बसून मले ते चार वाद समजावून देत होती. वास्तववादी म्हणते, देशांच्या डोक्यावर कोणी पाटील नाही, म्हणून जो तो आपली काठी जवळ ठेवते. उदारमतवादी म्हणते, देवाणघेवाण असली, एकत्र बसून नियम ठरवले, की भांडण कमी होते. मार्क्सवादी विचारते, मालकी कोणाची अन् घाम कोणाचा. अन् तो चौथा, रचनावादी, म्हणते की आपला कोण, परका कोण, हे माणसंच ठरवतात अन् ठरवलेलं बदलतेही. मी म्हटलं, एवढ्यासाठी दोन वर्षं शिकायले काऊन लागते व, आमच्या नळावर येऊन उभी राह्य. तू हसली, अन् खरंच आमचा नळ प्रबंधात घातला. एकाच नदीसाठी भांडणारे दोन देश एकीकडे, अन् वरची वस्ती, खालची वस्ती दुसरीकडे.

नळाची ती गोष्ट झाली तेव्हा तू नऊ वर्षांची. टाकी आठ दिवसांतून एकदा भरायची. आधी वर उत्तमरावाचे हौद, मग उरलंसुरलं खाली आपल्याले. अशात त्या उन्हाळ्यात पाणी सोडायच्या व्हॉलची चावी गेली. तीन हात लांब लोखंडी चावी, तिच्याशिवाय खड्ड्यातला व्हॉल फिरत नाही. दोन्ही वस्त्या कोरड्या. आपल्याकडे मचूळ का होईना, हापशी होती. चौथ्या दिवशी उत्तमरावाची बायको झुंबरबाई पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर घेऊन तिथं आली अन् म्हणाली, काय व बनाबाई, शेवटी तुझ्याच दारात आणलं का आम्हाले. मी म्हटलं, लाइनीत उभी राह्य. मग दोन्हीकडच्या बाया विहारात बसल्या. ठरलं की एका पाळीले आधी वरची वस्ती, दुसऱ्या पाळीले आधी खालची. आजवर मोडलं नाही. तू लिहिलं की हा विश्वासाचा विजय, दुसऱ्या वादवाल्याचं खरं. माझा फोटोही छापला.

चावी हरवली नव्हती. मी नेली होती.

पुंजाजी पाणीवाला टाकीखाली भाकर खात होता. त्याची पाठ होती, मी लुगड्याच्या आडून नेली अन् अंगणात जाळायले ठेवलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात खुपसली. दुसऱ्या दिवशी तो शोधत शोधत आपल्या अंगणात आला. ढीग हलवला अन् चावीची मूठ दिसली. त्यानं माझ्याकडे पाह्यलं. मग दोन पेंढ्या तिच्यावर ओढल्या अन् निघून गेला. आपल्याच आळीतला माणूस, त्यालेही वरच्यांचं पाणी दिसतच होतं. हलगर्जीपणा केला म्हणून त्याचं काम गेलं. दहा वर्षं नांदुऱ्याले पोती उचलली त्यानं. मी गप्प. आधी वरच्यांच्या भीतीनं, अन् मग मान मिळायले लागला, तो आवडला मले. खोटं काऊन बोलू.

तुझा पहिला म्हणेल, बाईच्या हाती चावी होती म्हणून वरचे नमले. दुसरा म्हणेल, पण नवी चावी आल्यावरही करार टिकला ना. दोघंही चूक नाहीत. पण ह्याचे चटके कोणाले बसले, हे तिसऱ्यानंच विचारलं असतं. त्याले तू तीन ओळींत उडवलं, म्हणे इथं लागू होत नाही. लागू होते, माय. मीच तुले पुंजाजीचं नाव सांगितलं नाही.

रविवारी समतानं विहारात तुझं ते प्रकरण वाचून दाखवलं. पान एक्केचाळीस, पाणीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे चावी हरवली. पुंजाजी दाराशी बसला होता. पाठीले वाक आला आता त्याच्या. वाचून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही वाजवल्या. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेली, म्हटलं, मी सांगून टाकते. तर म्हणे, राहू दे बनाबाई, आधी पोरीची परीक्षा होऊ दे. माझ्यासाठी एकदा गप्प राह्यला, आता तुझ्यासाठी राहायले तयार आहे. हे मी घेणार नाही अन् तूही घेऊ नको. येत्या रविवारी मी विहारात उभी राहून सांगणार आहे, उत्तमरावालेही बोलावलं आहे. तू गुरुवारी परीक्षकांना आधीच सांग. पुरावा मागितला तर चावी अजून माझ्याकडे आहे, गंजली आहे. परीक्षा सहा महिने पुढे ढकलली तर ढकलू दे, मले शिव्या दे. फोटो काढून टाक. अन् एक्केचाळिसाव्या पानावर लिही की चावी बनाबाईनं चोरली, पुंजाजीले ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, अन् त्यानं तोंड उघडलं नाही.

तुझीच,
आजी