खून सुनेनंच केला, आत्याबाई!

आत्याबाई,

तुम्हाला चिठ्ठी लिहायचा प्रसंग कधी आला न्हाई. एका चुलीवर राहणारी माणसं एकमेकींना कशाला चिठ्ठ्या लिहितील! पण आज दुपारी आपल्या मालिकेचा शेवटचा भाग बघितला, आणि तुम्हाला सोडून हे कुणाला सांगावं तेच कळेना. म्हणून लिहून राह्यले.

तुमचा अंदाज साफ चुकला. सासऱ्याचा खून सुनेनंच केला. हो, तुमच्या त्याच गरीब गायीनं! दुधात गोळ्या कालवल्या, गिलास घासूनपुसून फडताळात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं रडली ती हीच. थांबा, चिडू नका, बैजवार सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा मालिका ऐन रंगात आली होती. घरात सुतक, टीव्हीवर चादर टाकलेली, आणि नेमका त्याच दिवसांत त्यांनी शेवट दाखवून टाकला. मेल्यांना जरा दम धरता आला न्हाई! तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुमच्या लेकानं मोबाईलवर तो भाग लावूनही दिला, तर मीच बंद केला. का सांगू? मी म्हणायची सुनेनं मारलं, तुम्ही म्हणायचात, "न्हाई म्हणजे न्हाई." तो भाग बघितला न्हाई तोवर आपलं भांडण चालूच होतं. आणि भांडण चालू आहे तोवर तुम्ही घरातच आहात, असं मला वाटायचं.

काय तुमचं ते मालिका बघणं! मोसंबी सोलत बसायच्या आणि फोड हातात तशीच राहायची. त्या चष्मेवाल्या इन्स्पेक्टरला तर तुम्ही जावयासारखं झापायच्या. "आरं मुडद्या, मागं बघ की! दाराआड उभाय त्यो!" त्यानं बघितलं न्हाई की मलाच म्हणायच्या, "संगे, ह्याला पगार कोण देतं गं?" जाहिरात लागली रे लागली की टेंभुर्णीहून ताईंचा फोन. मायलेकी जाहिरात संपेपर्यंत खुनावर बोलायच्या आणि जेवलीस का, एवढंही न विचारता फोन ठेवायच्या!

मंग सकाळी शेजारच्या शमीमभाभींच्या ओट्यावर पंचायत. समोरच्या मुक्ताकाकू चहाचा कप घेऊनच यायच्या. सगळ्या गल्लीचं एकच म्हणणं, सून खुनी आहे. तुम्ही एकट्या आडव्या. "मुनीम आसंल, भाऊ आसंल, पर सुनेचं नाव घेऊ नका," असं म्हणून पदर कमरेला खोचायच्या. मला हसू यायचं. एवढं रान उठवायला ती सून आपल्या नात्यातली होती का?

तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांना बजावलं होतं, शेवट कुणी सांगायचा न्हाई. पण शमीमभाभींच्या तोंडात तीळ भिजतो का? कपडे वाळत घालताना म्हणाल्याच, "खून कुणी केला ते न्हाई सांगत. इतकंच सांगते, तुझी सासू बिलकुल बराबर होती." मुक्ताकाकूंनी मान हलवली. टेंभुर्णीहून ताईही म्हणाल्या, "आई जिंकली गं, वहिनी." मला इतकं बरं वाटलं! आज घर रिकामं होतं. तुमच्या जागेवर बसले आणि मोबाईल लावला. मी हरायलाच बसले होते.

आणि ती बया सगळं कबूल करून मोकळी!

मी तशीच चपला घालून शमीमभाभींकडं गेले. त्या मशीनवर साडीला फॉल लावत होत्या. म्हटलं, "भाभी, माझ्याशी खोटं बोललात? तेही समद्यांनी मिळून?"

त्यांनी मशीन थांबवली. म्हणाल्या, "बस आधी. समदी गल्ली एकीकडं आन् म्हातारी अकेली एकीकडं. मी एकदा विचारलं, खाला, त्या सुनेचा इतका कैवार कशाला? तर म्हणली, 'शमीम, मी माझ्या सुनेची पेटी चार माणसांत उघडायला लावल्ती. आळ झूठा निघाला. तवापासून कुणाच्या सुनेवर आळ घ्यायला जीभ उचलत न्हाई माझी.' आता तूच सांग, जी तुझ्यापायी भांडत बसली, तिला आम्ही कसं हरवावं?"

ओट्यावर बसून पोरीसारखी रडले.

ती पेटी! माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमची गळ्यातली सोन्याची एकदाणी सापडेना, आणि तुम्ही भरल्या अंगणात माझी पेटी उघडायला लावली. माझ्या आईनं दिलेल्या साड्या पाहुण्यांसमोर एकेक करून झटकल्या. मंग ती निघाली तांदळाच्या डब्यात, तुम्हीच ठेवलेली! त्यावर तुम्ही चकार शब्द काढला न्हाई. त्या दिवशी माझ्या ताटात तुपाची धार तेवढी जास्त पडली. मला तूप नको होतं, आत्याबाई. एक शब्द हवा होता. तुमचं दुखणं काढताना, तुमचे केस विंचरताना, मी इतकी वर्षं त्या एका शब्दाची वाट बघत होते.

आणि तुम्ही तो बोललात शेजारणीपाशी! मी भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत असेन तेव्हा. हाक मारली असती तर आले नसते का? पीठभरल्या हातानं आले असते, तुमच्या गळ्यात पडले असते. एवढी कसली हो लाज वाटली, माझ्यासमोर?

राग आला, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी चूल पेटवताना एकदम हलकं वाटायला लागलं. सगळ्या गल्लीशी तुम्ही माझ्यासाठी भांडत होता आणि मला पत्ताच नव्हता. उशिरा का होईना, तुमचा शब्द मला पोचला. आता माझ्या मनात काही न्हाई. तुम्हीही ठेवू नका.

या उन्हाळ्यात आपल्या पवनचं लग्न आहे. तुम्ही पसंत करून गेलात ती शहागडची पोर माझी सून होऊन येईल. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला ठाऊक, माझ्या हातून चुका होणारच. पण वचन देते, आत्याबाई. जितक्या माणसांत मी तिला बोलेन, तितक्याच माणसांत तिच्यासमोर उभी राहून म्हणेन, "पोरी, माझं चुकलं." आणि ते ती जवळ असताना म्हणेन, मी जिवंत असताना म्हणेन.

तुमचीच,
संगीता