मागचे दोन शॉक

४ मे, शनिवार
निर्णय झाला. गाडीचे मागचे दोन्ही शॉक, म्हणजे धक्के शोषणारे दांडे, मी स्वतः बदलणार.

मिरेयचा फोन होता. माझी एकुलती एक लेक. लाँग वीकएंडला कॅम्पवर जाऊ म्हटलं, म्हणजे तळ्याकाठचं आमचं लाकडी घर, वडिलांनी बांधलेलं. तर म्हणाली, पापा, तुमच्या गाडीतून नको. गेल्या खेपेला मला मळमळलं आणि तेओ पोचेपर्यंत रडत होता. तेओ माझा नातू, आठ महिन्यांचा. मी विचारलं, गाडी मागून उसळते म्हणून ना? जरा थांबून म्हणाली, हो, तसंच समजा. मी म्हटलं, नीट केली तर याल ना? म्हणाली, बघू.

बघू म्हणजे हो.

अठरा तारखेला सकाळी आठला मी तिच्या दारात. तेओ माझ्या मागच्या सीटवर. नॉर्मनने त्याचा हत्तीएवढा ट्रक खुशाल घरी धुवत बसावं. (युगेट माझी बायको होती. आता ती नॉर्मनची आहे. यापुढे या वहीत त्याचं नाव नाही.)

५ मे
शॉक आणले. गॅसचे आहेत, दाबून पट्टीने बांधलेले. दर्जा तपासायला एकाची पट्टी कापली. फुस्स करून वीतभर लांब झाला. खात्रीसाठी दुसऱ्याचीही कापली. दर्जा उत्तम.

११ मे, शनिवार, दुपारी १
गाडी स्टँडवर चढवली. व्हिडिओतला माणूस एक तास म्हणतो. त्याला गप्पा फार. मला चाळीस मिनिटं पुरे.

दु. १.४०
डिकीतले वरचे नट निघाले. खालचे बोल्ट हलत नाहीत. इथे सडबरीत सहा महिने बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडतं, गाड्या खालून गंजतात, म्हणून लोक दर ऑक्टोबरला गाडीच्या पोटाला तेल फवारून घेतात. मी सात वर्षांत एकदाही घेतलं नाही. तो निव्वळ धंदा आहे. बोल्टला तेल लावून दोन दिवस थांबा म्हणे. थांबणारे थांबोत.

सायं. ५
एका बोल्टचं डोकं तुटलं. पाना कुंपणापलीकडे गेला. फेकला नाही, निसटला.

शेजारच्या वेइकोने तो आणून दिला. हा फिनिश म्हातारा, निकेलच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला, दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातला एक खर्च केला : तापव. मी त्याला शांतपणे सांगितलं की मला शिकवायला येऊ नकोस. तो गेला. मग त्याने त्याच्या सौनाची, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीची, खिडकी लावून घेतली. शनिवारी एरवी उघडी असते. वारा असेल.

१४ मे
आज हातोडा. आधी बोल्टवर, मग अंगठ्यावर. गाडी बनवणारे, मीठ टाकणारे आणि नॉर्मन यांच्याविषयी चार शब्द बोललो. समोरच्या बाई नातवंडांना घेऊन घरात गेल्या. लोकांना कष्टाच्या कामाचा आवाज सोसत नाही. माझा स्वर तर कधी चढतच नाही. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली. माझ्या बसमध्ये पोरं चिडीचूप असायची. प्रेम असतं ते.

१६ मे
नॉर्मनचा फोन. रेजाँ, माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, उद्या गाडी उचलून नेईल, तुझं काम होऊन जाईल. आवाजात मध. मी म्हटलं, माझी लेक, माझा नातू, माझी बायकोसुद्धा घेतलीस, आता शॉकही तूच बसव.

फोन ठेवला. आपटला नाही. नवा घ्यावा लागेल.

१७ मे, सायंकाळी ६
गाडी अजून स्टँडवर. सहा दिवस. वेइको न बोलावता लोखंड तापवायची गॅसची टॉर्च घेऊन आला. मी परवानगी दिली. बोल्ट लालबुंद केले, ठोकून बाहेर काढले. पट्ट्या का कापल्यास, विचारलं. मी म्हटलं, तपासायला. मग एकेक शॉक जमिनीवर गुडघ्याखाली दाबून त्याने तारेने बांधला आणि बसवला. चाळीस मिनिटांत दोन्ही. माझा अंदाज अचूक होता.

जाताना म्हणाला, रेजाँ, बोल्टला कान नसतात. याचा कामाशी काय संबंध, देव जाणे.

१८ मे, शनिवार, सकाळी ७.३०
गाडी लोण्यासारखी चालते. रेल्वेच्या रुळांवरून मुद्दाम तीनदा नेली. मागे बाळाची सीट घट्ट बांधली आहे. निघालो.

सकाळी १०
घरी आहे.

मी पोचलो तेव्हा तिच्या दारात नॉर्मनचा ट्रक उभा होता. सामान चढलेलं. तेओ आत, युगेटशेजारी.

मिरेय माझ्या गाडीत येऊन बसली, दार लावलं. म्हणाली, गाडी छान केलीत पापा. मग म्हणाली, पण गाडीचं कधी नव्हतंच. तुम्ही रस्ताभर ओरडता. पुढच्या गाडीवर, मागच्या गाडीवर, मम्मीवर, मी वळण चुकीचं सांगितलं की माझ्यावर. लहानपणी कॅम्पला जाताना मी दर वेळी मागे उलटी करायची, आठवतं? तेव्हाची गाडी तर नवी कोरी होती. मी म्हटलं, मग चौथ्या तारखेलाच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही फोनवर ओरडला असतात. तेओला मी त्या सीटवर बसवणार नाही. तुम्ही मागून या, तिथे भेटू.

मी ओरडत नाही, असं मी तिला सांगितलं.

समोर ट्रकमध्ये तेओ रडायला लागला. सकाळी थंडी होती, दोन्ही गाड्यांच्या काचा बंद होत्या.

मिरेय माझ्या हातावर थोपटून उतरली. मला फार लाज वाटली. ट्रक गेला. मी त्यांच्या मागून गेलो नाही.