फॉर्मचं मागचं पान

ता. २८ ऑगस्ट
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. तू सही करून ठेवलेला विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याचा फॉर्म मी भरून कंपनीला पाठवला. विम्याशिवाय कॉलेज प्रवेश पक्का करत नाही, म्हणून घाई केली. आजारांचे अकरा प्रश्न होते. अकराही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं, फिटच्या प्रश्नालासुद्धा. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं फॉर्म तपासतेय. एक ‘हो’ दिसलं की दहा कागद मागतात, हे मला कुणी शिकवायला नको. पाच वर्षांत फिट आलेली नाही, तेव्हा फार खोटंही नाही.

गोळी चुकवू नकोस. आंघोळीला कडी लावू नकोस. आणि मैत्रिणींपाशी यातलं काही बोलू नकोस. एकदा कळलं की माणसं वेगळ्याच नजरेने बघतात, ते तू शाळेत भोगलं आहेस.

तुझी माया आहेच, ती पत्रांतून दिसू दे.
आई

ता. ३० ऑक्टोबर
ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. प्रयोगशाळेत ओल्या कागदावर बिया मांडायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं, असं सध्या चाललंय. तू असतीस तर बियांकडूनही आधी फॉर्म भरून घेतले असतेस.

एक अडचण आहे. तू पाठवलेलं गोळ्यांचं पार्सल परत गेलं, औषधं टपालाने चालत नाहीत म्हणे. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. इथल्या डॉक्टरकडे गेले, तर त्याचा कागद विमा कंपनीकडे जाणार आणि आपलं ‘नाही’ उघडं पडणार. मग विमा रद्द आणि मागोमाग प्रवेशही. म्हणून सध्या अर्धी गोळी घेते. खोलीतल्या मुलीला व्हिटॅमिन आहे म्हणून सांगितलंय.

आम्ही चौघी एकच न्हाणीघर वापरतो. कडी का लावत नाहीस असं विचारलं, तेव्हा बंद जागेत घुसमटतं म्हणाले. तर तिघी दाराबाहेर उभ्या राहून मला धीर द्यायला गाणी म्हणायला लागल्या. हसून हसून पुरेवाट झाली. पण रोज काय सांगणार? आता लावते.

आई, कंपनीला खरं कळवू का? मला सारखं वाटतं, कळवून मोकळं व्हावं. तू म्हणशील तसं करते.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी चिमणी

ता. ९ नोव्हेंबर
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. आत्ता काही कळवू नकोस. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, या वेळी नसती आफत ओढवून घेऊ नये. सुट्टीत घरी आलीस की आपले डॉक्टर सहा महिन्यांच्या गोळ्या देतील, त्या सोबत घेऊन जा. तोवर अर्ध्या गोळीवर निभाव. जागरण मात्र करू नकोस.

कडीचं ऐक माझं. हसतात तर हसू देत.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई

ता. १९ डिसेंबर
ती. काकूंना,
सा. न.

मी चिमणीच्या खोलीत राहणारी. तुम्ही तिला न्यायला आलात तेव्हा मी समोर आले नाही, म्हणून लिहिते.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, घाईत तिने बादली पाडली. आम्ही बाहेरून चिडवत राहिलो. पाणी दाराखालून यायला लागलं तेव्हा घाबरलो. कडी निघेना. खालच्या मजल्यावरच्या सुताराने दार तोडलं, तोवर फार उशीर झाला होता. ती पाण्यात पालथी पडली होती.

डॉक्टरांनी विचारलं, हिला काही आजार होता का. आम्ही तिघींनी नाही म्हणून सांगितलं. नंतर ते म्हणाले, फिट आली असणार. आम्हाला माहीत असतं, तर आम्ही कडी लावू दिली नसती. दाराशी बसलो असतो. काकू, तुम्हाला माहीत होतं का?

मला क्षमा करा.
तिची मैत्रीण

ता. २० जानेवारी
चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मला माहीत होतं. कुणाला सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. तेव्हा क्षमा तू मागायची नाहीस.

काल विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. आपण खोटं लिहिलं होतं, हे निदान आता तरी सांगावं, असं वाटलं. काउंटरवर तुझ्याच वयाची मुलगी होती. ती म्हणाली, विद्यार्थ्यांचा विमा कुठल्याच आजारासाठी नाकारत नाहीत. तो प्रश्न एवढ्यासाठीच असतो, की ‘हो’ लिहिणाऱ्यांना कॉलेजजवळच्या दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या मिळाव्यात. चूक मागाहून कळवली तरी चालतं. तिने फॉर्म उलटा करून दाखवला. मागच्या पानावर सगळं छापलेलं होतं. वीस वर्षं मी पालकांना खिडकीतून दटावत आले, की मागचं पान वाचून मग सही करा. चिमणीच्या फॉर्मचं मागचं पान मी उलटून पाहिलं नाही.

पोरी, कंपनीला खरं कळवू का, असं चिमणीने मला विचारलं होतं. मी नको म्हणाले. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

हे वाचून माझ्यावर लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. जमलं तर पत्र पाठव.
चिमणीची आई