वळलेल्या विमानाविषयी भावोजींस

मी, खाली सही करणारा, आपला धाकटा शालक, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, विमानतळावरील भारपत्रक विभागाचा प्रमुख, हे पत्र आपल्याविरुद्ध तक्रार नोंदवण्यासाठी आपल्यालाच लिहीत आहे.

आदरणीय भावोजींस नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? ताईचा रक्तदाब? दोन्ही ठीक असावेत, ही मनापासून इच्छा. पुढील मजकुराने दुसरा बिघडू नये म्हणून पत्र आपण एकट्यानेच वाचावे. ते माणसाच्या हाती पाठवत आहे, कारण आपल्या फोनवर माझा विश्वास उरलेला नाही.

माझे काम आपल्याला तीस वेळा सांगितले आहे, हे एकतिसावे. विमान सुटण्यापूर्वी प्रवासी किती, कोणत्या रांगांत बसले, सामान पुढच्या कप्प्यात किती आणि मागच्यात किती, हे किलोपर्यंत मांडून त्याखाली सही करायची. सत्तावीस वर्षांत माझी एकही सही खोटी ठरलेली नाही. (माझ्या आधीच्या प्रमुखांच्या दोन ठरल्या. ते आता फुलझाडे विकतात.)

गेल्या आठवड्यात मंगळवारी आमच्याकडून सुटलेले एक विमान चाळीस मिनिटांनी वळले, जिथे सहसा कुणी उतरत नाही अशा एका लहान विमानतळावर तीन वेटोळी घेऊन उतरले, दोन तास थांबले आणि पुढे गेले. कंपनीने ‘तांत्रिक कारण’ एवढे दोन शब्द सांगितले. शहाण्या माणसाला तेवढे पुरतात. परंतु आपण पडलात चित्रकलेचे निवृत्त शिक्षक! विमानाच्या मार्गाचा नकाशा आपण फेसबुकवर टाकलात, वेटोळ्यांवरून लाल पेन्सिल फिरवलीत आणि खाली अभिप्राय दिलात, ‘हा हात सहज फिरलेला नाही, यात रचना आहे.’ (विद्यार्थ्याच्या फुलदाणीवर द्यावा तसा.) मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. एका केशकर्तनकाराने विमानात सोने असल्याचे कळवले. एका दंतवैद्याने पळून निघालेली नवरी बसवली. एका गृहस्थांना तर वैमानिकाची सासुरवाडी नेमकी तिथेच सापडली.

इथवर मी सोसले. पण नंतर आपण लिहिलेत, ‘मला वाटतं, सामानाचं वजन चुकलं. वजन बघणारे आमच्या घरातलेच आहेत, पण ते काही बोलत नाहीत.’ भावोजी, न बोलणे हीच माझी नोकरी आहे! त्या एका वाक्याने मी इमारतीत तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलो नाही. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई मला पाहून म्हणाल्या, “तुम्ही आधी वर जा, मी मागून येते. वजनाचं काही सांगता येत नाही हो!” आणि सख्ख्या बहिणीचा फोन.

“काय रे, तुझ्यामुळे विमान वळलं म्हणे?”

“ताई, माझ्या पत्रकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.”

“मग कशामुळे वळलं?”

“ते मला सांगता येत नाही.”

“म्हणजे तुझ्यामुळेच. लहानपणापासून चूक केलीस की असाच गप्प बसतोस तू.”

आज सकाळी कंपनीने कारण जाहीर केले, म्हणून आता सांगतो. विमानातली सर्व स्वच्छतागृहे एकाच वेळी तुंबली. ती उपसणारी गाडी त्या लहान विमानतळावर मोकळी होती. गवत कापणारे यंत्र धावपट्टीवर बंद पडले होते, ते ओढून काढेपर्यंत वैमानिकाने तीन फेऱ्या मारल्या. हीच आपली रचना!

वजनाचा आळ गेला; माझा गळा मात्र सुटलेला नाही. रविवारी आपल्या खात्यावरून, दंतवैद्यांनी ठोकून दिलेल्या वजनाखाली, दोन्ही कप्प्यांचे खरे वजन किलोपर्यंत प्रसिद्ध झाले. ते आकडे गोपनीय असतात. वैमानिक आणि मी, एवढ्या दोघांनाच ते ठाऊक होते आणि वैमानिक आपला नातेवाईक नाही. येत्या गुरुवारी अकरा वाजता मला चौकशी समितीपुढे उभे राहायचे आहे. फितुरी सिद्ध झाली तर माझा सहीचा अधिकार जाईल. सहीवाचून त्या खोलीत मी म्हणजे एक खुर्ची अडवणारा माणूस. तरी आपण सर्व मजकूर तात्काळ काढून टाकावा आणि माझी लेखी क्षमा मागावी.

आपला,
(सही) धाकटा शालक
स्थळ : भारपत्रक विभाग, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : १६ जून, मंगळवार

ता. क. : वरील मजकुरात एक बाब अपुरी राहिली. रविवारी आपण आमच्याकडे जेवून आडवे झालात, तेव्हा आपला फोन माझ्या टेबलावर उघडा होता. दंतवैद्यांनी मागच्या कप्प्यात चौदा टन लिहिले होते. चौदा! शेपूट टेकवून विमान जागीच बसले असते. मला ते बघवेना. दुरुस्ती मी केली. तरी मूळ आगळीक आपलीच, हे मत कायम आहे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना ताईचा फोन आला. कंपनीने काल आपल्याकडे विचारणा केली आणि आपण लेखी कळवलेत म्हणे, की ‘आकडे माझ्या मनाचे, अंदाजाने टाकले, मेहुण्याला यातले काही ठाऊक नाही.’ भावोजी, किलोपर्यंत अंदाज कोण करतो? आपल्याला चार पिशव्यांचे वजन सांगता येत नाही! असले विधान माझ्या नावाच्या फाइलीत मी राहू देणार नाही. ते आजच मागे घ्या. मी केले, ते मीच सांगेन.

ता. क. तिसरा : गुरुवारी सोबत याल का? आत नको. बाहेर बाक आहे, त्यावर बसा. कुणाशी काही बोलू नका.