खटक्याबाहेरची लाइन

साओ जोआकिम ते लाजेस, बसमधून
१७ जुलै, दुपार

प्रिय इवोनेत,

तू आणि तुझी लेक रायसा बऱ्या असाल. तिला जुलैची, ऐन हिवाळ्यातली सुट्टी लागली असेल. इकडे दोन दिवस असं हिव पडतंय की सफरचंदाच्या बागा पांढऱ्याफटक झाल्यात. आई ठीक आहे. म्हणजे, आता ठीक आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण रस्ताच वळणांचा आहे.

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवणार आहे. फाडू नकोस, वाच.

काल आईकडची ती चिनीमातीच्या फ्यूजची जुनी पेटी उतरवली आणि नवा बोर्ड बसवला. मग टेस्ट लॅम्प घेऊन एकेक लाइन तपासली. स्वयंपाकघर ठीक. पुढची खोली ठीक. झोपायच्या खोलीत एक प्लग उलटा जोडलेला होता, तो सरळ केला. राहिली बाथरूमची लाइन. पाणी तापवणारा विजेचा शॉवर सुरू केला की गळतीचा खटका, करंट गळला की लाइन तोडणारा, खाली. वर केला, पुन्हा खाली. पाच वेळा.

आई टॉवेल घेऊन दारात उभी. "अरे ओस्मार, तुझा तो खटका भित्रा आहे की काय? चाळीस वर्षं नळ मला चिमटे काढतोय, मेले का मी?"

खरंच आहे. आपण सगळे रबरी चपला घालूनच अंघोळ करायचो आणि नळाला फडकं गुंडाळून तो फिरवायचो. इथे कोण नाही करत?

बस थांबलीये. लोक कॉफी प्यायला उतरलेत.

दहा मिनिटं झाली, बस उभीच आहे, आणि अक्षर तरी तसंच येतंय. तेव्हा आता लिहूनच टाकतो. मी घाबरलोय, इवोनेत. फार घाबरलोय.

शॉवरमधली कॉईल उघडी असते. तिच्यातून पाण्यात करंट गळत होता, म्हणून खटका पडत होता. खटका त्याचं काम करत होता. बदलायला हवा होता तो शॉवर. पण आमच्या धंद्यातली खोड तुला माहीत नाही. खटका पडला की आम्ही खटक्यालाच दोष देतो. मी शॉवरची लाइन खटक्याच्या बाहेरून नेली, म्हणजे करंट गळला तरी तो पडणारच नाही, आणि आईला म्हटलं, "जा, घे गरम पाणी."

आणि आईने काय करावं? चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. नवा बोर्ड आला, तोही मुलाने बसवलेला, आता कसली भीती!

किंचाळलीसुद्धा नाही. नुसतं घशातून घर्र झालं. दार ढकललं तर आई नळाला चिकटलेली, डोळे माझ्याकडे लागलेले. बोर्डापर्यंत धावत जाऊन मेन स्विच पाडला. तिचा हात भाजलाय. रात्रभर दवाखान्यात होतो. सकाळी मलाच म्हणते, "रडतोस काय गाढवा, पाणी मात्र मस्त गरम होतं."

मला हसू आलं नाही. मला तुझं बाथरूम दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी तुझा बोर्ड मीच बदलला. तुझ्याकडेही खटका पडायचा, आठवतं? मग पडायचा थांबला. तू विचारलंस, "दादा, काय केलंस?" मी म्हटलं, "पीस खराब होता, दुसरा टाकला." खोटं बोललो. तुझ्याकडेही मी हेच केलंय. रीतसर शिकलेला माणूस बोलाव म्हणालीस तर तुला नाही नाही ते बोललो, आणि तू मला घालवून दिलंस. बरं केलंस.

आज सकाळी आईकडून तुला फोन करवला, शॉवर वापरू नकोस म्हणून. स्वतःचं काय झालं ते तिने सांगितलं नाही, तू घाबरशील म्हणून. तू हसलीस म्हणे. "दोन वर्षं काही झालं नाही. दादाला घरात शिरायला सबब हवी आहे. आम्ही तर आता चपलाही घालत नाही, रायसा अनवाणीच नाचते पाण्यात." मी फोन हिसकावून घेतला, तर तू ठेवून दिलास. खरं कारण मी आईलाही सांगितलं नव्हतं. लाज वाटली. त्या लाजेपायी, सांगू की नको करत, सकाळची बस चुकवली मी, आणि तिकडे पोरगी रोज त्या पाण्याखाली...

पुढचं लिहवत नाही.

पोचलो. पाच वाजलेत. हे तुझ्या फाटकाशी उभ्याने लिहितोय. फाटकावरच्या मीटरचा मेन मी आत्ता पाडला. घरातले दिवे गेले आणि आतून रायसाचा आवाज आला, "आई, पाणी गार झालं!"

म्हणजे ती पाण्यात होती, इवोनेत. मी मेन पाडला तेव्हा ती पाण्यात होती.

आता तू चिडून मेन वर करायला येशील. पत्र सरकवून मी परत मीटरपाशी जातोय, त्याला पाठ लावून उभा राहणार. मला मार, शिव्या दे, सगळ्या गल्लीला ओरडून सांग. पण पोरीला आधी बाहेर काढ, टॉवेलात गुंडाळ, आणि पाणी गार झालं म्हणून आज पहिल्यांदा देवाचे आभार मान.

तुझ्या घरात मरण टांगून गेलेला आणि ते उतरवायला आलेला,
तुझा भाऊ
ओस्मार