नदीकाठचं पान आणि सांगलीचं स्थळ

वाई, चैत्र शु. ५, शके १८६८

ती. विष्णुपंत भाऊजी यांस,

नारायणाचा साष्टांग नमस्कार. अक्काचा खोकला थांबला का? तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे धडधाकट. माझं डोकं तेवढं फिरलेलं आहे, आणि त्याला कारण तुम्ही सांगलीहून शरयूसाठी धाडलेलं स्थळ.

मुलगा कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवतो, एवढंच तुम्ही लिहिलं होतंत. झाडं हजारो वर्षांपूर्वी मेलेली, हे का नाही कळवलंत? सर्व्हिस मोटारीतून उतरले ते दामोदरपंत थेट नदीवर गेले (पाय धुवायला असतील, असं आम्ही समजलो). रेशनच्या साखरेचा शिरा गार झाला, शरयू नवं लुगडं नेसून ताटकळली, तेव्हा कुठे स्वारी गुडघाभर चिखलानं माखून, हातात मातीचं ढेकूळ घेऊन हजर झाली. ढेकळात काळं पडलेलं पान. मुलगी समोर बसली, तरी हे आपले पानाकडेच बघताहेत.

मी पगार विचारला, तर त्यांनी हिमयुग काढलं. म्हणे तेव्हा उत्तरेत मुलूखच्या मुलूख बर्फाखाली होते. इथं बर्फ नव्हता, पण पाऊस वाढला की आटला, ते पानंच सांगतील. पानं रुंद असतील तर पाऊस बरा, बारीक नि जाड असतील तर कोरडं. थंड मुलखात पुष्कळ झाडांच्या पानांची कड दातेरी, उष्ण मुलखात बहुतेक सलग. चिखलात परागकणही टिकतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, आणि गवताचे फार निघाले तर समजायचं, रान मागे हटलं होतं. पण एका पानावरून काही ठरवू नये, असंही म्हणाले. (आपण एका शिऱ्यावरून जन्माचं ठरवतो.)

खरं सांगतो, मी ऐकतच राहिलो. जन्मभर त्या पाण्यात उभा राहून संध्या केली, काठाकडे कधी नीट बघितलं नाही. आपल्या कृष्णेकाठी एके काळी नुसतं गवत असेल, या विचारानं कसंसंच झालं.

तेवढ्यात शरयू, जिला मान खाली घालून बसायला बजावलं होतं, ती म्हणाली, "पण हे पान पुरात महाबळेश्वराहून वाहून आलं असेल, तर पाऊस कुठला सांगेल? तिथला की वाईचा?"

हिनं तिला चिमटा काढला. दामोदरपंतांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "आणखी पानं काढून बघायला हवीत," एवढंच बोलले, आणि विचार करत करत संध्याकाळच्या मोटारीनं निघून गेले. होकार नाही, नकार नाही, ढेकूळही इथंच विसरले.

याआधी दोघांनी रंगावरून नाकारली तेव्हा पोर हसली होती. आता नीट जेवत नाही. तरी असा विसरभोळा जावई आम्हांला नको. त्यांना तसं कळवून टाकावं.

आपला,
नारायण

ता. क. ढेकूळ विचारलंच, तर सांगा, हिनं ते कालवून चूल सारवली.

आणखी ता. क. पत्र हिला वाचून दाखवायचं होतं, म्हणून वर तसं लिहिलं. चुलीची माती परड्यातली होती, शरयूनंच आणून दिलेली. खरं ढेकूळ तिनं फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलंय. मी पाहिलं, हे तिला ठाऊक नाही. तेव्हा भाऊजी, दामोदरपंतांना एवढंच कळवा की पान सुखरूप आहे, टपालानं धाडलं तर चुरा होईल, स्वतः येऊन न्यावं. या खेपेला आधी नदीवर गेले तरी चालेल.