रातभर चढलेली दोरी

बा, मी तुझी मधली पोरगी लिहून राह्यली. चौथीपर्यंत शिकवलंस, तेवढ्यावरच हे चाललं आहे, तवा काना-मात्रा पाहू नको. तू गेलास तवा चाळिशीचा होतास. माझा लेक आता तवाच्या तुझ्याहून मोठा आहे आणि अजून त्याले स्वतःचा सदरा सापडत नाई. तू किती जवान होतास ते मले आत्ता कळते. तवा तर वाटायचं, बाप म्हणजे म्हाताराच असते.

या वर्षी मी तीर मारायचा कमठा केला. बांबूचा, तू करायचास तसाच. सून म्हणाली, "आई, या वयात शिकारीले जाता काय?" मी म्हणलं, "हो, पहिला तीर तुलेच." ती हसली नाई. लेक म्हणाला, "करू दे तिले, बसून बसून भांडण करते त्यापेक्षा बरं." कशासाठी करून राह्यली ते दोघांनीही विचारलं नाई, मी पण सांगितलं नाई.

बांबू घरामागच्या बेटातला घेतला, तीन पावसाळे खाल्लेला, आतून भरीव. थंडीत तोडला, अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे घुण लागत नाई. फाडून दोन महिने न्हाणीच्या चुलीवर धुरात ठेवला. मग विळा घेऊन आतल्या बाजूनं तासत बसली. मधात जाड, दोन्ही टोकांकडे बारीक, आणि घडीघडी गुडघ्यावर वाकवून पाहायचं की कमठ्याचे दोन्ही हात सारखे वाकतात की नाई. एकदा लहानपणी कमठा चांगला दिसावा म्हणून मी पाठीवरची हिरवी सालच खरवडायले लागली होती. तू विळा हिसकून घेतलास. "बैलाची पाठ सोलली तर तो गाडी ओढल काय? पाठीले हात लावायचा नाई." मग जवळ बसवून दोरी कशी करायची ते दाखवलंस. दोरीपण बांबूचीच, सालीची लांब पट्टी काढून, टोकाले पळसाच्या मुळीचे फासे. हे सगळं तुले तुझ्या गोंड सोबत्यानं शिकवलेलं, आणि पोरगी असून तू मले शिकवलं. माय म्हणायची, "हिले भाकर येत नाई आणि कमठा काय शिकवता जी?" तू म्हणायचास, "भाकर तू शिकव. मले जे येते ते मी शिकवतो."

एक गोष्ट मात्र तू रोज सांगायचास. काम झालं की दोरी उतरवायची. कमठा रातभर वाकून राह्यला की त्याले वाकायचीच सवय लागते, मग तो जोर मारत नाई.

त्या वर्षी धान कापणीले आलं होतं. सांज झाली होती आणि मी तुझ्याच कमठ्यानं आंब्याच्या खोडावर तीर मारत होती. तू बाजेवरून मले आवाज दिलास, "दोरी उतरवून ठेव वो माय." मी म्हणलं, "उतरवली." उतरवली नव्हती. काऊन? ती दोरी चढवायले मले तुझा गुडघा लागायचा, आणि मले सकाळी तू उठायच्या आधी अजून तीर मारायचे होते. बस, एवढंच. अकरा वर्षांच्या पोरीचं डोकं ते. तसाच चढलेला कमठा खुंटीले अडकवला आणि जेवायले गेली.

पहाटे शेजारचा भाऊ ओरडत आला, "डुकरं धानात घुसली!" तू उठलास, खुंटीवरून कमठा काढलास. मी जागीच होती, गोधडीतून पाहून राह्यली. तू घडीभर थांबलास. दोरीवरून बोट फिरवलंस. मग माझ्याकडे पाह्यलंस. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तवा दार उघडं होतं आणि तू नव्हतास.

तीर लागला, पण आत गेला नाई. चरबीत अडकला. डुक्कर मागं फिरून तुझ्यावरच आलं. तुले बैलगाडीत टाकून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मांडीले धोतर बांधून, आणि ते धोतर कोणत्या रंगाचं होतं ते रस्त्यातच कळेनासं झालं. तीन दिवस होतास. मायनं तुले विचारलं, "असं कसं झालं जी? तुमचा तीर तर आरपार जाते." तू म्हणालास, "हात थरथरला माझा." मी तिथंच उभी होती, पाण्याचा गडवा धरून. तू माझ्याकडे पाह्यलं नाईस. मुद्दामच पाह्यलं नाईस, बा, मले माहीत आहे.

मग गावाले विषय मिळाला. हात थरथरते म्हणजे दारू घेत असल, लपून घेत असल. तू सण सोडून मोहाच्या दारूच्या थेंबाले शिवायचा नाईस, पण मेलेला माणूस सांगायले येते काय? माय मरेपर्यंत तुझ्यावर चिडून राह्यली. "दारूनं नेलं त्याले," म्हणायची, आणि मी तिच्यासमोर तांदूळ निवडत बसायची. या तोंडानं मी सरपंचाले भर सभेत गप केलं आहे. सासरचे सगळे या तोंडाले भ्यायचे. एवढं एक वाक्य काई त्या तोंडातून निघालं नाई.

माझी नात जिल्ह्याच्या गावी राहून तिरंदाजी शिकते. तिचा कमठा पाह्यशील तर म्हणशील, सायकल मोडून बनवला. दिवाळीत ती घरी एक साधा लाकडी कमठा घेऊन आली, आणि सांजेले अंगणात बसून त्याची दोरी उतरवायले लागली. मी विचारलं, "काऊन उतरवते?" म्हणाली, "उतरवावीच लागते आजी, नाई तर जोर जाते." मी तिथंच पायरीवर बसली आणि तिले सगळं सांगितलं. जलमात पहिल्यांदा. मले वाटलं आता रडल पोरगी. तर म्हणते कशी, "एका रातीनं एवढा फरक पडल? चाल, करून पाहू. तू कर तसाच कमठा, मी सुट्टीत येते."

म्हणून केला. उन्हाळ्यात ती आली. धानाच्या तणसानं भरलेलं पोतं आंब्याले बांधलं, वीस पावलं मोजली, सांजेले पाच तीर मारले. पाचही वीतभर आत गेले, तिनं कोळशानं तीरावर खूण केली. मग चढलेलाच कमठा खुंटीले अडकवला. "हात लावू नको बरं आजी. सकाळी कळलच."

दिवेलागणीले मी तिकडून गेली. खुंटीवर तो वाकून लटकला होता. मी उचलला, गुडघ्यावर घेतला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा दोरी उतरली. सकाळी पोरगी दात घासायले गेली तवा पुन्हा चढवून ठेवली.

तिनं पाच तीर मारले. पाचही वीतभर. तिनं मले मिठी मारली. "पाह्य! एका रातीनं काई होत नाई. तुझी चूक नव्हतीच." मग बापाले बोलावून पहिल्यापासून सगळं सांगितलं. लेकाच्या डोळ्यात पाणी आलं. "आई, जलमभर उगाच जळत राह्यलीस वो." सुनेनं त्या दिवशी न मागता चहा दिला. सगळे असे हलके झाले की मी पण हो हो म्हणली.

हा कागद कोणाले दाखवायचा नाई. नातीले तर नाईच. ती परत गेली, कमठा इथं माझ्याकडे आहे, दोरी उतरवलेली. पोतं अजून आंब्याले बांधलेलं आहे. एक सांज दोरी चढवून तशीच ठेवली तर सकाळी मले कळल. विचारणारं कोणी नाई. पावसाळा आला नि गेला, मी ठेवली नाई. भेव वाटते, बा.